भिंत कोणी रंगवली?

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक साधं वाक्य होतं : 'शाळेची दर्शनी भिंत गुरुजींनी रंगवली.' मसुदा गाइडकडे गेला, परत आला. मॅडमनी 'गुरुजींनी' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली होती आणि समासात एकच शब्द लिहिला होता : 'कोणी?'

खरं सांगू का, मला राग आला. गुरुजींची मुलाखत माझ्याकडे होती, दोन तासांचं रेकॉर्डिंग होतं, फोटो होते. एका दुष्काळी तालुक्यातली ती जिल्हा परिषदेची शाळा. भिंतीवर वड, महाराष्ट्राचा नकाशा, आणि मधोमध पाण्याचा टँकर, त्याच्यामागे घागरींची रांग. त्या टँकरवरून मी गुरुजींच्या सामाजिक भानाबद्दल दीड पान लिहिलं होतं. आणि मॅडम विचारतात, कोणी?

त्या एका शब्दाने मला जे शिकवलं ते तुम्हाला सांगायचंय. पण माझ्या भिंतीवरून नाही, कारण ती तुम्ही पाहिलेली नाही. त्यासाठी अशी एक भिंत घेऊ, जिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि जिचे फोटो तुम्ही आत्ता मोबाइलवर बघू शकता : 'द ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस'. तुम्ही समाज, कला, शिक्षण, लोकसंस्कृती यांपैकी कशावरही संशोधन करणार असाल तर हे उदाहरण कामी येईल.

आधी भिंत बघू

लॉस एंजेलिसमध्ये १९३८ साली मोठा पूर आला. त्यानंतर तिथली नदी आणि तिला मिळणारे प्रवाह लष्कराच्या अभियंत्यांनी काँक्रीटने बांधून काढले. तुहुंगा वॉश हा त्यातलाच एक प्रवाह. आता तो सरळ भिंतींचा, सपाट तळाचा पूरनियंत्रण कालवा आहे. उन्हाळ्यात तो बहुतेक कोरडाच असतो. या कालव्याच्या एका भिंतीवर हे चित्र आहे : लांबी २,७५४ फूट, म्हणजे जवळजवळ ८४० मीटर, आणि उंची १३ फूट. १९७६ ते १९८३ या काळातल्या पाच उन्हाळ्यांत ते रंगवलं गेलं. त्याचं मूळ नाव 'कॅलिफोर्नियाचा इतिहास'. प्रागैतिहासिक प्राण्यांपासून आणि तिथल्या आदिवासींपासून सुरुवात होते आणि ते १९५० च्या दशकापर्यंत येतं.

हे चित्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या ज्युडिथ बाका. जन्म १९४६, लॉस एंजेलिसचाच. घर स्पॅनिश बोलणारं, वाढवलं आई, आजी आणि मावश्यांनी. शाळेत गेल्या तेव्हा इंग्रजी येत नव्हतं आणि वर्गात स्पॅनिश बोलायला मनाई. मग बाईंनी त्यांना कोपऱ्यात चित्रं काढत बसू दिलं. पुढे ज्या कॅथलिक शाळेत त्या शिकल्या तिथेच शिक्षिका झाल्या. व्हिएतनाम युद्धाला विरोध केल्यामुळे ती नोकरी गेली. मग महापालिकेच्या उद्यान विभागात मुलांना चित्रकला शिकवायचं काम मिळालं. १९७० मध्ये एकमेकांशी वैर असलेल्या टोळ्यांतली वीसेक पोरं एकत्र आणून त्यांनी हॉलनबेक पार्कमधल्या संगीतमंचावर 'मी आबुएलिता', म्हणजे 'माझी आजी', हे चित्र करून घेतलं. हात पसरून उभी असलेली एक आजी.

म्हणजे 'ग्रेट वॉल'च्या आधीच बाई मास्तरीण होत्या आणि त्यांचा वर्ग रस्त्यावर भरत होता. १९७६ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 'स्पार्क' ही संस्था सुरू केली. तिचं कार्यालय व्हेनिस भागातल्या एका जुन्या तुरुंगाच्या इमारतीत. पुढे त्या विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. २०१७ मध्ये या भिंतीची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली.

आता इथे थांबा. एवढी माहिती मिळाली की आपण काय लिहितो? 'ज्युडिथ बाका यांनी रंगवलेलं भव्य भित्तिचित्र.' किंवा मग, जरा पुरोगामी वाटावं म्हणून, 'समाजाने रंगवलेलं भित्तिचित्र.' माझं म्हणणं असं की ही दोन्ही वाक्यं आळशी आहेत. पहिलं चारशेहून अधिक मुलांना पुसून टाकतं. दुसरं त्या मुलांना एका गुळगुळीत शब्दात बुडवतं आणि निर्णय कोणाचे होते हा प्रश्नच गिळून टाकतं.

१९७६ आणि १९७८ मधला सांधा

समीक्षा करताना आधी चरित्र बाजूला ठेवून भिंतीकडेच बघायचं. या भिंतीवर एक सांधा आहे. तो दिसला की बाकीचं बरंच उलगडतं.

पहिल्या उन्हाळ्यात, १९७६ मध्ये, जवळपास हजार फूट काम झालं. तेव्हा भिंतीचे भाग वेगवेगळ्या चित्रकारांकडे दिले होते आणि प्रत्येकाबरोबर मुलांची एक तुकडी. सगळी मिळून ऐंशीच्या आसपास मुलं. त्यामुळे हा भाग बघताना एकेका धड्याचं पान उलटल्यासारखं वाटतं. इथले प्राणी एका शैलीतले, पुढचे आदिवासी दुसऱ्या, स्पॅनिश लोकांचं आगमन तिसऱ्या. रंग बदलतात, माणसांची ठेवण बदलते, एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना डोळा अडखळतो.

हे बाकांनाही खटकलं. १९७७ मध्ये त्या मेक्सिकोला, कुएर्नावाकाला गेल्या आणि डाविड आल्फारो सिकेरोस या भित्तिचित्रकाराच्या कार्यशाळेत शिकल्या. सिकेरोसचं लॉस एंजेलिसशी जुनं नातं होतं. १९३२ मध्ये त्याने तिथल्या ओल्वेरा स्ट्रीटवर 'अमेरिका ट्रॉपिकल' रंगवलं होतं आणि त्यातलं राजकारण न झेपल्यामुळे ते लवकरच पांढऱ्या रंगाखाली गाडलं गेलं होतं. सिकेरोसचा एक आग्रह असा की भित्तिचित्र बघणारा माणूस एका जागी उभा नसतो, तो चालत असतो. म्हणून रचना चालणाऱ्या डोळ्यासाठी करायची.

१९७८ पासूनची भिंत बघा. १९२० चं दशक एका उन्हाळ्यात, १९८० मध्ये तिसावं, १९८१ मध्ये चाळिसावं, १९८३ मध्ये पन्नासावं. आता प्रसंग एकमेकांत वाहत जातात. एका प्रसंगातली आगगाडी, रस्ता किंवा एखाद्याचा हात पुढच्या प्रसंगात शिरतो. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यात काम करणारी 'रोझी' टीव्हीच्या संचात ओढली जाते आणि तिच्याबरोबर आपणही उपनगरातल्या संसारात जाऊन पडतो. इतिहासाचा एक गुंतागुंतीचा मुद्दा, बायकांना कारखान्यातून परत घरात ढकलणं, इथे एका हालचालीत समजतो. १९७६ च्या भागात असं काही सापडत नाही.

सगळ्यात चांगला भाग

माझ्या मते या भिंतीचा कळस पन्नासच्या दशकातला आहे : 'वस्त्यांची फाळणी आणि चावेझ रवीन'. इथे हमरस्त्यांचे काँक्रीटचे खांब सापासारखे वळतात आणि एका मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबातली माणसं एकमेकांपासून तोडतात. वर आकाशातून बेसबॉलचं स्टेडियम उडत्या तबकडीसारखं खाली उतरतंय. खाली पोलीस एका बाईला तिच्या घरातून ओढून नेताहेत.

मागची गोष्ट माहीत नसली तरी धाक जाणवतो. माहीत असली की चित्र आणखी बोचतं. चावेझ रवीनमधल्या तीन वस्त्यांतल्या लोकांना १९५० च्या सुमारास सांगितलं गेलं की इथे सरकारी घरं होणार, जागा सोडा. बहुतेकांनी सोडली. मग घरांची योजना रद्द झाली. उरलेल्यांना १९५९ मध्ये पोलिसांनी उचलून बाहेर काढलं. १९६२ मध्ये तिथे डॉजर स्टेडियम सुरू झालं.

स्टेडियमला तबकडी करणं ही कल्पना मला मोठी वाटते. का? कारण विस्थापित माणसाच्या नजरेला प्रकल्प असाच दिसतो : वरून आलेला, परक्या ग्रहावरचा, आपल्याशी एक शब्दही न बोललेला. आपल्याकडे धरणात गाव गेलेल्या माणसाला विचारा, तोही जवळपास असंच सांगेल. शिवाय हे सगळं रंगवलंय कुठे, तर काँक्रीटमध्ये बांधलेल्या नदीच्या अंगावर. बाका स्वतः त्या काँक्रीटला जमिनीवरचा व्रण म्हणतात आणि चित्राला त्या व्रणावर गोंदलेलं गोंदण. वस्तीला चिरणारं काँक्रीट आणि ज्यावर चित्र आहे ते काँक्रीट एकाच विकासाचे. कॅनव्हासवर हेच चित्र निम्मंही उरणार नाही.

मग सामूहिक कोणता भाग?

आता अवघड प्रश्न. १९७८ नंतरची भिंत कला म्हणून सरस आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ती सरस झाली कशामुळे? एका हाती रचना आली म्हणून. १९७६ मध्ये हात अनेक आणि डोळेही अनेक होते. नंतर हात अनेकच राहिले, डोळा एक झाला. आपण मात्र या दोन्हींवर 'सामुदायिक भित्तिचित्र' ही एकच चिठ्ठी चिकटवतो.

कोणी म्हणेल, मग मुलं फक्त रंग भरणारी मजूर झाली. हेही घाईचं आहे. प्रक्रिया कशी होती ते पाहा. आधी काय दाखवायचं यावर इतिहासकारांशी आणि जाणत्या लोकांशी बोलणं व्हायचं. १९३० च्या दशकात मेक्सिकोला परत पाठवलेले लोक, त्यातले कितीतरी अमेरिकेचेच नागरिक. १९४२ पासून छावण्यांत डांबलेले सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक. १९४३ मध्ये नौसैनिकांनी मेक्सिकन पोरांना रस्त्यावर गाठून मारलं, ती 'झूट सूट' दंगल. शाळेच्या पुस्तकांत यातलं फार थोडं येत असे. मग छोटं रेखाटन, मग भिंतीवर चौकटी आखून ते मोठं करणं. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलेल्यांना चौकोन पाडून चित्र मोठं करणं आठवत असेल. तेच, फक्त तेरा फूट उंचीवर आणि भर उन्हात. त्यात गणित आलं, परांचीवर सांभाळून काम करणं आलं आणि काल ज्याच्याशी मारामारी केली त्याच्या शेजारी उभं राहून त्याचा चौकोन आपल्या चौकोनाला जुळवणंही आलं.

म्हणजे समाज या चित्रात ब्रशच्या टोकाशी आला त्याच्या आधीच आला होता : काय लक्षात ठेवायचं हे ठरवताना. माझं उत्तर असं : या भिंतीचं सामुदायिकपण विषयाच्या निवडीत आणि कामाच्या रचनेत आहे, रेषेत फारसं नाही. रेषा बाकांची आणि त्यांच्या चित्रकारांची आहे. हे मान्य केल्याने भिंत लहान होत नाही. उलट शिक्षिका म्हणून बाकांनी काय केलं ते नेमकं दिसतं. चांगला मास्तर मुलाचा हात धरून चित्र पुरं करून देत नाही. सगळं त्याच्यावर सोडून निघूनही जात नाही. मुलाला चुकता येईल आणि तरी काम उभं राहील एवढी चौकट आखून देतो. इथे तर ती चौकट शब्दशः भिंतीवर आखलेली होती.

दोन गोष्टी मात्र कौतुकाच्या भरात वगळल्या जातात आणि त्या तुमच्या लिखाणात आल्या पाहिजेत. एक : पहिल्या उन्हाळ्यातली बरीच मुलं बालगुन्हेगारीच्या व्यवस्थेतून पाठवलेली होती. सगळेच काही हौसेने आलेले नव्हते. दोन : मुलांना कामाचे पैसे मिळत होते, उन्हाळी रोजगाराच्या सरकारी योजनांतून. 'सहभाग' हा आपला लाडका शब्द या दोन्ही गोष्टी झाकतो. माझ्या मते पैसे मिळणं ही त्या कामाची प्रतिष्ठा आहे आणि ते लपवण्याचं काही कारण नाही.

नाव कोणाचं उरतं?

कामाची वाटणी विसरली जाते आणि एक नाव उरतं, हे जगभर झालंय. अजिंठ्याला सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, लेणं त्याने करवून घेतलं. पण ज्यांनी भिंतीला लिंपण केलं आणि ज्यांनी त्यावर चित्रं काढली त्यांची नावं तो आपल्याला सांगत नाही. दान देणारा राहिला, रंगवणारे गेले. वारली चित्रांचं वेगळं. लग्नाचा चौक काढायचा तो सवाष्णींनी. पण ही कला घराबाहेर, कागदावर आणि जगात गेली तेव्हा जे नाव गाजलं ते जिव्या सोमा म्हशे या पुरुषाचं. म्हशे थोर चित्रकार होते यात वाद नाही. पण 'वारली कला म्हणजे म्हशे' असं लिहिलं की चौकाभोवती बसलेल्या बायका वाक्यातून उठून जातात.

'ग्रेट वॉल'चंही पुढे काय होतंय ते बघण्यासारखं आहे. २०२१ मध्ये तिची रेखाटनं आणि कागदपत्रं लॉस एंजेलिसच्याच लुकास संग्रहालयाने घेतली. २०२३ मध्ये लॅक्मा या मोठ्या कला संग्रहालयात बाका आणि त्यांचा चमू भिंतीचे पुढचे भाग प्रेक्षकांसमोर रंगवत होता. याचा मला आनंद आहे. पण कोरड्या कालव्यात उतरलेली पोरं आणि दालनात रंगवणारे तयार चित्रकार हा फरक 'प्रकल्प सुरूच आहे' या वाक्याने मिटत नाही. पुढे कोणी या नव्या भागांवर प्रबंध लिहिला तर त्याचा पहिला प्रश्न हाच असावा.

तुमच्या कामासाठी

मी ही भिंत फोटोंत आणि व्हिडिओंतच पाहिलीय. तुम्हीही तशीच बघणार, म्हणून एक सावधगिरी. नेटवर सापडतात ते एकेका प्रसंगाचे कापलेले फोटो, आणि सगळ्यात जास्त सापडतात ते नंतरच्या, नाट्यमय भागांचे. त्यामुळे मी वर ज्याला सांधा म्हटलं तो फोटोत दिसतच नाही. प्रत्यक्ष बघणारा माणूस कालव्याच्या पलीकडून, कुंपणाआडून, चालत चालत अर्धा मैल बघतो. तेव्हा भागांचे फोटो क्रमाने लावा आणि मगच बोला.

आणि कुठलीही सामूहिक कलाकृती समोर आली, मग ते भित्तिचित्र असो, गणपतीचा देखावा असो की पथनाट्य, तर 'कोणी केलं?' या एका प्रश्नाचे सहा प्रश्न करा. विषय कोणी ठरवला? रचना कोणाची? हात कोणाचे? पैसे कोणी दिले आणि कोणाला मिळाले? नाव कोणाचं लागलं? आणि आज डागडुजी कोण करतं? सहाही उत्तरं एकाच माणसाकडे जात असतील तर बहुधा तुम्ही एकाच माणसाची मुलाखत घेतलेली आहे.

माझं तेच झालं होतं. मी शाळेत परत गेले. भिंत रंगवली तेव्हा सातवीत असलेली एक मुलगी आता तालुक्याला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "सरांना तिथं मोर पाहिजे होता. आम्ही तिघी म्हटलो, मोर कुठंय इथं? टँकर काढू." गुरुजींना विचारलं तर ते हसले. "हो की. मी मोराचं स्टेन्सिलपण आणलं होतं." पहिल्या दोन तासांच्या मुलाखतीत हे आलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. ज्या टँकरवरून मी गुरुजींचं सामाजिक भान सिद्ध केलं होतं तो टँकर तीन मुलींचा होता. गुरुजींचं मोठेपण दुसरीकडेच होतं : त्यांनी मोर मागे घेतला. आणि रंगही स्वतःच्या पगारातून आणले होते.

ते दीड पान मी काढून टाकलं. वाक्य आता असं आहे : 'भिंतीवर काय असावं याचा आराखडा गुरुजींचा, मधल्या टँकरची कल्पना आणि रेखाटन सातवीतल्या तीन मुलींचं, रंगकाम सहावी-सातवीच्या मुलांचं, आणि रंगांचा खर्च गुरुजींनी स्वतः केला.' लांबलंय, वाचायला पूर्वीइतकं सुटसुटीत नाही. मॅडमनी यावेळी 'कोणी?' विचारलं नाही. शेवटच्या पाच शब्दांखाली रेघ मारून लिहिलंय : 'पावती आहे का?'

पुढच्या आठवड्यात परत जातेय.